तेलाचे अकरा ठिपके

नकाराचं पत्र जेमतेम चार ओळींचं होतं, पण काकूंना त्यातला एकच शब्द दिसत होता : निष्काळजीपणा. गाडीचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं होतं. दुरुस्तीचा आकडा लेकीने दोनदा विचारून घेतला होता. आणि ज्या एक्स्टेंडेड वॉरंटीच्या भरवशावर दोघी निर्धास्त होत्या, त्या कंपनीने कळवलं होतं की वेळेवर तेल बदलल्याची कुठेही नोंद नाही, सबब हा मालकाचा निष्काळजीपणा.

"खड्ड्यात गेले पैसे," काकू म्हणाल्या. "हा शब्द मी त्यांना मागे घ्यायला लावीन."

आता मालक म्हणजे कोण? तीन महिन्यांपूर्वी गेलेला काकूंचा नवरा. तीस वर्षं बसडेपोत हेडफिटर. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि आतलं दुखणं सांगायचा, म्हणून अख्खा डेपो त्याला डॉक्टर म्हणायचा. अशा माणसाने स्वतःची गाडी वर्कशॉपात टाकायची म्हणजे शिंप्याने तयार शर्ट विकत आणण्यासारखं झालं. गाडी पळवायची लेक, नोकरीसाठी रोज लांबवर. पण तेल बदलायचे डॉक्टरच. दर सहा महिन्यांनी, रविवारी सकाळी, इमारतीखाली.

आणि डेपोची एक सवय त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. काढलेल्या जुन्या तेलाचा एक थेंब कागदावर सोडायचा, वाळवायचा, कोपऱ्यात तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. मधे काळं बुबुळ आणि भोवती पिवळसर कडा उमटली की डॉक्टर खूश. "बघ, अजून जीव आहे तेलात. वेळेवर काढलं आपण."

"मग जीव असताना काढता कशाला?" काकू विचारायच्या.

"तू पण मला सत्तरी गाठायच्या आधीच काढ," असं म्हणून ते हसायचे.

कागद म्हणजे लेकीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीची कोरी राहिलेली पानं. असे अकरा कागद काकूंनी कपाटातून काढले आणि कंपनीत जायच्या आदल्या दुपारी एकेक करून पाहिले. ठिपक्यांशेजारी डॉक्टरांनी काहीबाही खरडून ठेवलं होतं. 'आज गार वारा.' 'बॅटरी धरायला ही आली. माझ्याच डोळ्यांत मारत होती.' 'नट पडला, हिने शोधला, दिवसभर ऐकवलं.' काकूंना हसू आवरेना. पाच-साडेपाच वर्षांतल्या त्या सकाळी किती साध्या होत्या! गाडीखालून फक्त दोन पाय दिसायचे आणि त्या पायांशी त्या तासभर भांडायच्या. तेव्हा कंटाळा यायचा. आता तो तास कुणी परत दिला असता तर त्या बॅटरी अगदी बरोबर धरून बसल्या असत्या.

कंपनीच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर तपासनिसाचं टेबल होतं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. लेकीने नियमांचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. "यात लिहिलंय, घरी तेल बदललं तरी चालेल. योग्य पुरावा हवा."

"बिलं आहेत?"

"तेल ते डेपोतल्या मित्राकडून आणायचे. बिल कसलं!" काकू म्हणाल्या आणि अकरा कागद त्याच्यापुढे पसरले.

तपासनीस आधी बावचळला. मग त्याने एक कागद उचलला, बोटाने चोळला, आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "माझे वडील ट्रक चालवायचे," तो म्हणाला. "त्यांचा मेस्त्री हेच करायचा. किती वर्षांनी बघतोय हे!" त्याने एकेक कागद खिडकीसमोर धरला. तेलाने कागद पारदर्शक होतो. प्रत्येक ठिपक्यातून बाहेरचं ऊन आत येत होतं. "हे कुणी खोटं म्हणून दाखवावं," तो म्हणाला. काकूंनी लेकीकडे विजयाने पाहिलं.

अकराव्या कागदापाशी त्याचा हात थांबला. त्याने तो उलटा केला, पुन्हा धरला. ऊन आलं नाही. ठिपका तपकिरी होता, कडा सुकून आक्रसलेली.

"काकू, हे तेल नाही. कोरी कॉफी वाटतेय."

"काहीतरीच काय!" लेक उसळली.

काकूंनी मात्र कोपऱ्यातली तारीख पाहिली. पाच महिन्यांपूर्वीची होती. त्या रविवारी डॉक्टर म्हणाले होते, "तुझे गुडघे दुखतायत, तू नको येऊस खाली." कॉफीचा पेला घेऊन गेले आणि तासाभराने वर आले. हात स्वच्छ, नखांत काळं नाही, टॉवेल कोरा. काकू म्हणाल्या होत्या, "चला, एकदाचे शहाणे झालात!" ते हसून पलंगावर आडवे झाले होते. पुढे दोनच महिन्यांत ते गेले. म्हणजे त्या दिवशीच त्यांना गाडीखाली वाकता आलं नव्हतं. तिथे नुसते बसून राहिले असतील, पाना हातात घेऊन. आणि हे घरात कुणाला कळू नये म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी कागद खोटा केला होता.

तपासनिसाने तो कागद हळूच काकूंकडे सरकवला. "हा तुमच्याजवळ ठेवा. फाइलला लावला तर बाकीचे दहाही बाद होतील. एकच फेरी चुकली असं मी लिहितो. निम्मा खर्च मिळेल." त्याने पेन उघडलं. "चुकल्याचं कारण लिहावं लागतं. छापील शब्द दुर्लक्ष असा आहे."

"आई, आपण भांडू या," लेक म्हणाली.

काकूंनी तो अकरावा कागद पर्समध्ये ठेवला.

"दुर्लक्ष झालंच, साहेब. त्यांच्याकडे, माझं. स्वच्छ हात बघून मी खूश झाले होते. पण ते तुमच्या फॉर्मात कुठे बसायचं! तुम्ही मालक आजारी होते, एवढंच लिहा."

तपासनिसाने छापील शब्दावर काट मारली आणि तेवढंच लिहिलं.