गच्चीवर कोण राहिलं

उद्या दुपारी माझं विमान आहे, म्हणून आज मी आईकडे जुनं विमान बघायला आले.

लेक परदेशात असते, तिचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला तिच्याकडे निघाले तेव्हा मी विमानाच्या दारापर्यंत पोचले आणि बॅग ओढत परत आले. तेव्हापासून दादा येईल-जाईल त्याला सांगतो की आमच्या छोटीला विमानतळावरचा चहा आवडतो, शहरातला सगळ्यात महाग चहा, तेवढा पिऊन येते घरी. लेक मात्र हसली नव्हती. या वेळी फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी दुसरी सोय करते."

मी म्हणाले, जमेल. मी एकदा बसलेय विमानात.

ते एकदा म्हणजे फार लहान असताना. बाबा विमानतळावर रेडिओची यंत्रं दुरुस्त करायचे. एका वर्षी तिथल्या लोकांना फुकट सफर मिळाली: स्वतः आणि सोबत एक मूल, शेजारच्या शहरापर्यंत जायचं आणि त्याच विमानाने परत. बाबांनी मला नेलं. कप्तानाने मला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. त्याची स्लाइड आहे. ती डोळे भरून बघायची आणि उद्या निघायचं, असा माझा बेत.

दादाने माळ्यावरून प्रोजेक्टर काढला. पडद्यांच्या फटींना कपड्यांचे चिमटे लावले, भिंतीवर चादर ताणली. बाबा गेल्यापासून यंत्र लागलं नव्हतं. बटण दाबल्यावर आधी आतला पंखा घरघरला, मग तापलेल्या धुळीचा वास सुटला. आई खुर्चीत सावरून बसली आणि म्हणाली, "आले बघा तुमचे बाबा."

खट्.

विमान. दोन पंखे इकडे, दोन तिकडे. चाकांवरची शिडी ढकलत आणून लावलेली. शिडीवरच्या बायकांच्या हातात पर्सखेरीज काही नाही, पुरुष कोट घालून. लग्नाला निघाल्यासारखे सगळे. आई म्हणाली, लग्नाला तरी लोक इतके नीट कुठे जायचे.

खट्.

खिडकीला चुण्यांचा पडदा. खुर्चीच्या हाताला राख झटकायची डबी. बाबा सांगायचे, विमान उडाल्यावर निम्मे पुरुष सिगारेट पेटवायचे, त्यामुळे ढग आधी आत यायचे, मग बाहेर.

खट्.

एक चिठ्ठी, कुणाच्या तरी अंगठ्यात धरलेली. कप्तान आपल्या अक्षरात विमान किती उंचीवर आहे, किती वेगात आहे, खाली कुठली नदी आहे ते लिहायचा. मग ती चिठ्ठी पहिल्या रांगेपासून मागे मागे हातोहात जायची. शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत नदी मागे पडलेली असायची.

खट्.

हवाईसुंदरीच्या हातात तबक. त्यात टॉफ्या आणि कापसाचे बोळे. टॉफी मला चांगली आठवते. पाहुणचार असावा. कापूस कशाला, हे मी कधी विचारलंच नाही.

खट्.

नुसता पांढरा उजेड. प्रोजेक्टरच्या ट्रेमधली ही खाच रिकामी आहे. आम्ही तिघंही त्या उजेडाकडे थोडा वेळ बघत बसलो, काहीतरी दिसेल अशा आशेने.

खट्.

ही ती. पाठमोरं मूल, डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी, टोपीखाली एवढीशी मान. अंगात स्वेटर. मुलाच्या उजवीकडे वैमानिकाचा खांदा, बाकी तो चौकटीबाहेर. मुलाचा डावा हात स्टिअरिंगवर. उजवा हात वर, त्यात टॉफी.

"हा मी," दादा म्हणाला.

मला वाटलं तो थट्टा करतोय. मी म्हटलं, ही मी आहे. तो माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही मीच थट्टा करतेय असं वाटलं असावं. एवढी वर्षं आम्ही ही गोष्ट एकमेकांसमोर सांगत आलो आणि प्रत्येक वेळी दुसरा मान डोलवत राहिला, आपलीच गोष्ट कुणीतरी आपल्यासाठी सांगतंय असं समजून.

स्वेटर आईने विणलेला. एकच होता, आम्हा दोघांत मिळून. मानेवरून काही कळेना. मग मी हात दाखवला. दादा डावखुरा. खाऊ तो कायम डाव्या हातात धरायचा, त्यावरून मारही खायचा. इथे टॉफी उजव्या हातात आहे.

दादाने जवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाला, स्लाइड उलटी आहे.

असेलही. पूर्वी पुठ्ठ्याच्या चौकटी होत्या आणि बाबा प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ठिपका द्यायचे, म्हणजे कुठली बाजू कुठे ते कळायचं. बुरशी धरली म्हणून मध्यंतरी दादानेच दुकानातून प्लॅस्टिकच्या चौकटी बसवून आणल्या. ठिपके पुठ्ठ्याबरोबर गेले. त्याने स्लाइड काढली, फुंकर मारली, फिरवून परत घातली.

खट्.

पाठमोरं मूल, डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी, टोपीखाली एवढीशी मान. अंगात स्वेटर. मुलाच्या डावीकडे वैमानिकाचा खांदा. मुलाचा उजवा हात स्टिअरिंगवर. डावा हात वर, त्यात टॉफी.

हा दादा होता. यात काही शंकाच नव्हती. खांद्याची ठेवणसुद्धा त्याची वाटायला लागली.

तो म्हणाला की कप्तान नेहमी डावीकडे बसतो, म्हणजे खांदा डावीकडेच हवा, म्हणजे आत्ता बरोबर आहे. मी म्हटलं, पण मला कप्तानाने स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. मग डावीकडे मी, आणि तो खांदा त्याच्या मदतनिसाचा.

"मलासुद्धा त्याने स्वतःच्याच खुर्चीत बसवलं होतं," दादा म्हणाला. आणि थांबला. बोलताना त्याच्याही लक्षात आलं की तसं असेल तर आधीचीच बाजू बरोबर, आणि आधीच्या बाजूला तो नव्हता.

मग तो म्हणाला, कदाचित खुर्ची मदतनिसाची असेल.

खट्. उजवा हात, मी.

खट्. डावा हात, तो.

प्रत्येक फिरवण्यासरशी माझी उद्याची दुपार होत होती आणि नव्हती होत. दादाला हे सगळं नुसतं कोडं होतं. तो गेल्या महिन्यातच दोनदा विमानाने जाऊन आला होता, त्याला ते बालपणीचं विमान नसतं तरी चाललं असतं. मला तेवढंच होतं.

आम्ही दोघंही आईकडे वळलो.

तिने सांगितलं की बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी 'आपण' म्हणायचे. आपण शिडी चढलो, आपण ढगात शिरलो. ती त्या दिवशी विमानतळाच्या गच्चीवर होती. तेव्हा पोचवायला आलेली माणसं गच्चीवरून रुमाल हलवायची. तिच्या एका हातात रुमाल होता आणि दुसऱ्या हातात राहिलेल्या पोराचा हात. "तरी मला ढग आठवतात," ती म्हणाली. "आतून."

मी विचारलं, कोण राहिलं होतं गच्चीवर?

"मी सांगितलं तर एकाचं विमान खाली येणार. या वयात आता कुणाला उतरवू?"

दादा हसला. मी नाही हसले. तिने ते पाहिलं असावं, कारण ती जरा पुढे झुकली आणि म्हणाली की तुझा एवढा जीव अडकलाय तर सांगते, त्या दिवशी सकाळी बाबांनी

फट्.

बल्ब गेला. पंखा मात्र फिरत राहिला. दादा चिमटे काढायला उठला, पडदे सरले, भिंतीवर नुसती चादर उरली आणि चादरीवर इस्त्रीची घडी. आई कोण चहा घेणार ते विचारत आत निघून गेली. पुन्हा मी विषय काढला तर म्हणाली, काय सांगत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती दारापर्यंत सोडायला आली. माझ्या पर्समध्ये एक पुडी कोंबली. टॉफ्या आणि कापूस.

"विमान चढायला लागलं की चघळत राहा. नाहीतर कान ठणकतात. त्या सफरीत केवढं रडणं झालं होतं. पोर लाल होऊन उतरलं शिडीवरून, कान धरून. यांनी कधी सांगितलं नाही कुणाला. विमानात नेऊन पोराला रडवलं म्हणून लाजायचे."

माझं रडणं? मी विचारलं. ती पर्सची चेन लावत होती. चेन अडकली होती.

विमानतळावर मी चहा घेतला नाही. तिकीट फोनमध्ये होतं. बाबांच्या तिकिटाचं छोटं पुस्तक असायचं, मागे लाल कार्बन, बोटांना रंग लागायचा. माझी बोटं कोरडी ठक्क. काचेतून विमान दिसत होतं, पंखे नव्हते, शिडी नव्हती, गच्चीही नव्हती. सगळं होतं मनात, आणि त्यात कुठेच कान नव्हता. टॉफीची चव होती, टोपीचं वजन होतं, चिठ्ठी होती. दुखणं नव्हतं. जे बाबांनी कधी सांगितलं नाही, नेमकं तेवढंच मला आठवत नव्हतं.

आत जायची रांग लागली. मी रांगेतून बाजूला झाले, बॅगेची मूठ घरच्या दिशेला वळवली आणि दादाला फोन लावला. तुझे कान दुखले होते का, एवढंच विचारलं. आईने सांगितलेलंही सांगितलं.

मागे त्याच्या ऑफिसातला आवाज येत होता.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. म्हणजे मग तूच गं. तू गेली होतीस. मी गच्चीवर असणार."

त्याचा आवाज लहान झाला होता. असा त्याने आजवर कुठलाच खेळ सोडून दिला नव्हता. मलाही आठवत नाही, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं. रांगेतली शेवटची बाई आत गेली. दारावरच्या मुलीने माझ्याकडे पाहून हात पुढे केला.

"ठेवते," मी म्हटलं आणि गेले.

विमान वर निघालं. आधी काही नाही. मग दोन्ही कानांत कुणीतरी बोट घालून दाबावं तसं झालं, मग ठणका, खोल, जबड्यापर्यंत. मी आठवायचा प्रयत्न केला. ओळखीचं वाटलं असतं तर बरं झालं असतं. अगदी नवंकोरं होतं. किंवा इतकं जुनं, की नवं वाटावं.

टॉफी काढायची होती. उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून सुटेना. बोटं पांढरी पडलेली. शेवटी डाव्या हातानेच पुडी ओढली, दातांनी कागद सोडवला.

टॉफी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरून राहिले. उजवा हात घट्ट धरलेला. डावा वर, त्यात टॉफी.

खालची नदी मागे पडत होती. कुठली, ते कुणी लिहून पाठवलं नाही. दादाला सांगायला हवं होतं की मलाही आठवत नाही, पण फोन तर मीच ठेवला होता. मी टॉफी तोंडात टाकली. कान आतून उघडले.

खट्.