अर्धा तास पुढे

गल्लीच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढची खोली, मागच्या दोन खोल्यांत घर. मालक, कारागीर आणि झाडूवाला असा तिहेरी हुद्दा एकाच माणसाकडे होता, आणि सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दुकानाच्या भिंतीवर वीस-बावीस घड्याळं टांगलेली. एकात पावणेचार, शेजारच्यात दहा, तिसरं बंद. दुरुस्तीला आलेल्यांकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवायची? पण घड्याळजीच्या मनगटावरचं घड्याळ मात्र सेकंदाला पक्कं. निवृत्त झालेले एक पोस्टमास्तर रोज संध्याकाळी साडेसहाला फिरून परतताना पायरीशी थांबत, खिशातलं जुनं चावीचं घड्याळ काढत आणि विचारत, "बोला घड्याळजी, किती?" घड्याळजी सांगेल ती वेळ लावून ते पुढे जात. जाताना ठरलेलं वाक्य असे, "रेडिओ चुकेल एक वेळ, तुम्ही नाही."

असा हा माणूस आपल्या साडेपाच वर्षांच्या पोरीला रोज खोटी वेळ दाखवत होता.

पोरीचं घरातलं नाव बटण. जन्मली तेव्हा नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं म्हणून. नाक वाढलं, नाव राहिलं. बटणची आई शहरात बस चालवायची आणि तेव्हा तिची पाळी दुपारची होती, घरी यायला दहा वाजत. संध्याकाळभर बटण आणि तिचा बाप दोघंच. बटणच्या तोंडाला कुलूप नाही. पेच का फिरतो, चाकाला दात कशाला, घड्याळाला झोप येत नाही का, असं सारखं चालू. घड्याळजीच्या डोळ्याला भिंग लावलेलं, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, आणि मागून कोणीतरी हाताला लटकलेलं. दोन स्प्रिंगा वाया गेल्यावर त्यानं शक्कल लढवली. झोपायची वेळ आठची होती. बटण बाहेरून खेळून आली आणि हातपाय धुवायला गेली की तो मागच्या खोलीतलं घड्याळ भिंतीवरून उतरवी, पाठीमागचा खुंटा फिरवून अर्धा तास पुढे करी आणि परत टांगून ठेवी. पोर झोपली की पुन्हा मागे. अर्धा तास शांतपणे काम होई. यात कोणाचं काय गेलं, असं त्याला वाटे. आपल्या हुशारीवर तो मनातल्या मनात खूशही होता, हे सांगायलाच हवं.

एकदा बटणनं विचारलं होतं, "बाबा, इतक्या घड्याळांत खरं कुठलं?"

"आतलं," तो म्हणाला होता. "बाहेरची सगळी आजारी आहेत. आपल्या घरातलं तेवढं ठणठणीत."

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. शाळेत बाईंनी घड्याळ वाचायला शिकवलं आणि बटणनं ते दोन दिवसांत आत्मसात केलं. घड्याळजीची पोर ती, नाही शिकणार तर काय! आणि आईची पाळी बदलून दिवसाची झाली. आता ती संध्याकाळी सातला घरी येणार होती. पहिल्या दिवशी निघताना तिनं बटणला मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. "छोटा काटा सातवर, मोठा बारावर, की मी दारात. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. बसवाली आहे मी."

खरं तर त्याच दिवशी घड्याळजीनं खुंट्याचा नाद सोडायला हवा होता. पण एका कचेरीची चाळीस घड्याळं दुरुस्तीला आलेली, महिनाअखेरीस द्यायची. उद्यापासून बंद करू, असं म्हणत त्यानं त्याही संध्याकाळी काटे पुढे सारले. माणसाला वाईट सवय लागते ती अशी, उद्याच्या भरवशावर.

त्या संध्याकाळी बटण घड्याळाखाली चौरंगावर बसून राहिली. छोटा काटा सातवर आला, मोठा बारावर. ती दाराकडे धावली. दारात कोणी नाही. ती परत आली, परत गेली. बाहेर साडेसहाच झाले होते आणि पायरीशी पोस्टमास्तर उभे होते. घड्याळजीनं त्यांना खरी वेळ सांगितली आणि आत पोरीच्या पायांचा आवाज ऐकूनही भिंग डोळ्यावरून काढलं नाही.

आई आली ती बरोबर सातला, धापा टाकत, पिशवी खांद्यावरच.

"तू उशिरा आलीस," बटण म्हणाली. "साडेसात वाजले."

आईनं मनगटाकडे पाहिलं. "सात वाजलेत गं राणी. अगदी ठोक्याला सात."

"साडेसात! छोटा काटा सातच्या पुढे आहे आणि मोठा सहावर. मी बघितलं."

आईनं आतल्या खोलीकडे मान वळवली. तेवढ्यात घड्याळजी दुकानातूनच म्हणाला, आणि हसून म्हणाला, "अगं, नवीन नवीन शिकलीये. काटे उलटसुलट वाचते अजून. होतं असं."

आईही हसली. तसंही स्वतःची वेळ या घरातल्या भिंतीवर बघायचं तिनं लग्नानंतर महिन्याभरातच सोडून दिलं होतं. "हळूहळू येईल हं," म्हणत तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. बटण मात्र बापाकडे बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. आपण इतकं नीट पाहूनही ते चुकलं कसं, हे शोधत असावी.

घड्याळजीनं वेळ मारून नेली खरी. पोरगी बरोबर होती आणि आपण तिला चारचौघांत नसलं तरी तिच्या आईसमोर चूक ठरवलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग सांगून टाकायचं ना? तर नाही. सांगायचं म्हणजे आधीचे चार महिनेही सांगायचे. बायको काय म्हणेल? वेळेच्या बाबतीत त्या दोघांची घरात थोडी चुरसच होती. तिनं कधी दोन मिनिटं उशीर केला की तोच तिला चिडवायचा. आता कोणत्या तोंडानं सांगणार होता? आणि काटे पुढे सारणं एकदम बंद केलं तर पोर विचारील, आज आई वेळेवर कशी आली? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. खोटं तसंच चालू राहिलं.

पंधरा दिवस बटण आईवर रुसली. आई धावत येई, हात पसरी, आणि बटण तोंड फिरवून चित्रात डोकं घाली. "कशी गं माझी बाय?" विचारलं की "झोप आली" म्हणे. आईनं एकदा दुकानात येऊन नवऱ्याला हळूच विचारलं, "ही माझ्याशी बोलत का नाही रे? दिवसभर घरात नसते मी, म्हणून तुटली का माझ्यापासून?" घड्याळजीनं मान वर केली नाही. "लहान आहे, विसरेल," असं तो हातातल्या चाकाला म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण ती लाज त्यानं चाकाबरोबरच घड्याळात बसवली आणि वरून झाकण लावलं.

सोळाव्या दिवशी दुपारी तो बटणला आणायला शाळेत गेला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसायला सांगितलं. गुडघे हनुवटीला लावून तो बसला. बाईंनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. कागदावर सहा घड्याळं छापलेली, खाली वेळा लिहिलेल्या, मुलांनी काटे काढायचे. बटणच्या कागदावर एकाही घड्याळाला काटा नव्हता.

"सगळ्यात आधी हिलाच आलं होतं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना हीच शिकवायची. आता हात लावत नाही. मी विचारलं, तर म्हणते, माझे काटे उलटे येतात, बाबांना विचारून काढीन. मला जरा नवल वाटलं. तुमचीच मुलगी, म्हणून."

सांगायला जागा होती, वेळ होती, बाई चांगल्या होत्या. घड्याळजीनं कागद जवळ ओढला. "घरी सराव घेतो," तो म्हणाला. आणि तो कागद घडी करून खिशात घालताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला त्यानं दुसऱ्यांदा चूक ठरवलं होतं, आणि या वेळी तर ती समोरही नव्हती.

घरी येताना बटण त्याचं बोट धरून चालत होती, बडबड न करता. चार महिन्यांपूर्वी ही शांतता मिळावी म्हणून त्यानं केवढा खटाटोप केला होता.

त्या संध्याकाळी त्यानं घड्याळाला हात लावला नाही. बटण चौरंगावर बसली होती, पण सवयीनंच. वर बघतही नव्हती. घड्याळात सात वाजले आणि दार वाजलं. आई आत आली. बटणनं दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा दाराकडे. तिचा चेहरा फुलेल असं घड्याळजीला वाटलं होतं. तो त्या आशेवरच दुकान सोडून आत येऊन उभा राहिला होता. मनात गणितही मांडलं होतं की, आजपासून वेळ जुळली, पोर हसली, की जुनं सगळं आपोआप मिटेल, कुणाला काही सांगायला नको.

बटण हसली नाही. ती त्याच्याकडे वळली आणि तिनं घाबरत विचारलं, "बाबा, सात वाजलेत का? का माझं उलटं वाचलं जातंय?"

घड्याळजी खाली बसला. पोरीच्या उंचीला.

"सातच वाजलेत," तो म्हणाला. "तू रोजच बरोबर वाचत होतीस. मी घड्याळ पुढे करत होतो."

 मग आईनं पिशवी खाली ठेवली.

"का?" बटणनं विचारलं.

"तू लवकर झोपावीस म्हणून. मला काम करता यावं म्हणून."

"म्हणजे मी चुकले नव्हते?"

"नाही."

"आणि आई वेळेवर यायची?"

"रोज."

बटणनं बराच विचार केला. "मग चुकत कोण होतं?"

"मी," घड्याळजी म्हणाला. एवढंसं अक्षर, पण बाहेर यायला त्याला चार महिने लागले.

आई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चौरंगावर टेकली. "मी डेपोपासून पळत यायचे रे," ती म्हणाली. "जिना उतरून, रस्ता ओलांडून, पळत. आणि हिनं तोंड फिरवलं की वाटायचं, मी आई म्हणून कुठेतरी कमी पडते. तुला सांगितलंही होतं मी. तू ऐकून घेतलंस." मग तिचे डोळे भरून आले, आणि बटण जाऊन तिच्या मांडीत शिरली. घड्याळजी तिथेच जमिनीवर बसून राहिला. जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी कामावर निघताना आईनं स्वतःचं मनगटी घड्याळ काढलं आणि बटणच्या हातात बांधलं. मनगटावर ते राहीना, म्हणून दंडावर चढवलं. "बसमध्ये माझ्यासमोर घड्याळ आहे," ती म्हणाली. "हे तुझ्याजवळ असू दे. याला तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." हे बोलताना तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

संध्याकाळी साडेसहाला पोस्टमास्तर पायरीशी आले. बटण दुकानात स्टुलावर पाय हलवत बसली होती. मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. "बोला घड्याळजी, किती?"

"बाबांना नका विचारू आजोबा," बटण म्हणाली. रागानं नाही. पुढे खड्डा आहे, असं सांगावं तसं सहज. "ते घड्याळ फिरवतात."

पायरीवर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मास्तर खो खो हसले. "काय पोर आहे! बापाच्याच धंद्यावर उठली," असं म्हणून त्यांनी घड्याळजीकडे बघितलं. आता यानंही हसावं, म्हणजे विषय संपला. सोपं होतं. हसून 'लहान आहे हो, काहीही बोलते' एवढंच म्हणायचं. वाक्य जिभेवर तयार होतं, आणि बटण त्याच्याकडे बघत होती, त्या पहिल्या संध्याकाळी बघितलं होतं तशीच.

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. 

"खरं बोलतेय ती," तो म्हणाला. "मी घरातलं घड्याळ फिरवत होतो, आणि तिला वाचता येत नाही असं सांगत होतो. तिला उत्तम येतं."

मास्तरांचं हसू हळूहळू मावळलं. गिऱ्हाइकांपैकी एकानं आपल्या हातातल्या घड्याळाच्या पुडीकडे बघितलं आणि ती जरा जवळ ओढली. घड्याळजीला ते दिसलं. 

 मास्तरांनी कमरेत वाकून आपलं जुनं घड्याळ बटणपुढे धरलं. "बरं मग बाईसाहेब, तुमच्या घड्याळात किती?"

बटणनं बाही वर सरकवली, दंड डोळ्यांपाशी आणला आणि बोट काट्यांवर ठेवून नीट पाहिलं.

"साडेसहा," ती म्हणाली, आणि तिनं बापाकडे बघितलं नाही.