मनियार गल्लीची भिंत

"निधी आलाय तर वापरावाच लागंल, न्हाईतर परत जाईल," सरपंच तातेराव म्हणाले आणि ग्रामसभेतल्या निम्म्या माना हलल्या. सरकारी पैसा परत जाताना आपल्याला बघवत नाही.

भिंत गाव आणि मनियार गल्ली यांच्या मधोमध उभी राहणार होती. कागदावर तिचं नाव संरक्षक भिंत. संरक्षण कोणापासून, हे कोणी विचारलं नाही.

"शाळेचे पत्रे गळून राह्यलेत, आधी ते करा," राजानंद मास्तर एकटेच बोलले.

"शाळेचं पुढच्या वर्षी बघू, मास्तर."

चुन्याची रेघ तर सभेआधीच पडली होती, थेट ताहेराच्या उंबऱ्यासमोरून.

ताहेरा बायकांत बसली होती. तिचं सगळं आयुष्य गावाला बांगड्या भरण्यात गेलं. लग्न असो की डोहाळजेवण, पहिला निरोप तिला. चुडा भरून झाला की नवरी वाकून तिच्या पाया पडे. आज तिला बसायला कोणी सरकून जागा दिली नव्हती.

ती उठली. "भिंत घाला, मी आडवी येत न्हाई. पर एक दार तरी ठेवा. वाटूर फाट्यावरनं वळसा घेऊन, पेटी डोक्यावर घेऊन कशी येऊ मी?"

"दार ठेवायचं तर मंग भिंत कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर तिला कमी भीती वाटली असती.

"मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

पुरुषांचे हात झटकन वर गेले. मग बायकांचे, एकेक करून. बांगड्या किणकिणत कोपराकडे घसरल्या. सगळ्या ताहेरानंच भरलेल्या. सरपंचांच्या बायकोचा, सगुणाबाईचा हात तेवढा मांडीवर राहिला. तातेरावांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तोही वर गेला.

बाहेर सगुणाबाईनं तिला गाठलं. नजर खाली.

"ताहेराबी, माझ्या रूपालीच्या लग्नाचा चुडा भरायचा हाय. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. शुक्रवारी."

"बुधवारीच ये. गुरुवारपासून गवंडी लागणार हायेत."

ताहेरानं सवयीनं तिचा हात हातात घेतला. ताठ झाला होता, बोटं घट्ट मिटलेली.

"हात सैल सोड, बाई," ती म्हणाली.

सगुणाबाईनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.