जोडप्याने समक्ष यावे

तपासनिसांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, टोपी घालणारी आणि घालून घेणारी. स्वतः ते तिसऱ्या प्रकारातले, आणि त्या प्रकारात दुसरं कुणी नव्हतं.

चेनच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. बॅगांना आणि कोटांना लागणाऱ्या चेनी ढिगांनी त्यांच्या टेबलावर यायच्या. तपासनीस त्यांतली एकेक उचलायचे, दहा वेळा उघडायचे, दहा वेळा लावायचे, दात उजेडात धरून बघायचे आणि जरा कुठे अडकलं की लाल खडूने फुली मारायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना एक मनगटी घड्याळ दिलं. भर समारंभात त्यांनी ते कानाला लावलं आणि म्हणाले, "मागे पडणार." पडलंही. पण म्हणून ते त्या दिवशी बोलायची काही गरज नव्हती, असं त्यांच्या बायकोला वाटलं. तिला जे वाटायचं ते ती सहसा बोलून दाखवत नसे.

निवृत्तीनंतर पंचाईत झाली. खडू होता, पण फुली मारायला माल नव्हता. मग ते बायकोच्या मागे लागले. तिने घडी घातलेली चादर, तिने बांधलेलं पुडकं, तिने लावलेलं दार, सगळ्यात काही ना काही नापास निघायचं. घर फार मोठं नव्हतं. सहा महिन्यांत सगळ्या घरावर एकेक फुली मारून झाली.

अशात ते पहिलं कार्ड आलं. "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." कसली निवड, तर एका हॉटेलच्या हॉलमध्ये दीड तास बसून सुटीच्या मेंबरशिपची माहिती ऐकायची. एकदा पैसे भरा, पंचवीस वर्षं दरसाल सात रात्री समुद्रकाठी नाहीतर डोंगरात राहा. माहिती ऐकल्याबद्दल भेटवस्तू मोफत. आणि खाली ठळक अक्षरात: जोडप्याने समक्ष यावे.

"बघितलंस?" तपासनीस म्हणाले. "एकटा गडी 'बायकोला विचारून सांगतो' म्हणून निसटतो. म्हणून दोघांना बोलावतात. हलकट आहेत, पण धंदा समजतो त्यांना."

त्यांच्या अंगात नवा जोम आला. दोन वर्षांत ते असल्या सहा हॉलमध्ये जाऊन आले आणि सहाही वेळा वस्तू घेऊन, हातावर तुरी देऊन परतले. घरात एक किटली झाली, एक इस्त्री झाली, भिंतीवरचं घड्याळ, कांबळं, टॉर्च आणि सहातले दोन फुटलेले ग्लास झाले. प्रत्येक वस्तू भिकार आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात देऊन दाखवायचे.

कामाची वाटणी ठरलेली होती. "तू भुलल्यासारखं करायचं," त्यांनी पहिल्याच वेळी बायकोला पढवलं होतं. "फोटो दाखवले की डोळे मोठे करायचे. अय्या म्हणायचं. खोलीतून काय दिसतं, नाश्ता किती वाजता, असलं काहीबाही विचारायचं. म्हणजे तो आपल्याला गिऱ्हाईक समजतो आणि शेवटपर्यंत गोड बोलतो. मी चष्मा काढून पुसला की तू गप्प. पुढचं मी बघतो."

बायको हे इतकं झकास करायची की तपासनीस गार व्हायचे. सोसायटीच्या बाकावर बसून ते सांगायचे, "शिकवून येत नाही ते. समोरच्याला वाटतं, ही बाई आत्ताच बॅग भरायला निघाली." उभ्या संसारात एवढ्या एका बाबतीत त्यांनी तिला पास केलं होतं.

हॉलमध्ये गेलं की आधी फॉर्म भरायचा असे. ओळखपत्र दाखवावं लागायचं म्हणून नाव खरं, बाकी फोन खोटा, उत्पन्न खोटं, छंद तर साफ खोटे. हे सगळं तपासनीस भरायचे. अगदी खाली एक चौकट असायची, दोन ओळींची: "आपल्याला कुठे जायला आवडेल?" असल्या रिकामटेकड्या प्रश्नावर ते शाई दवडत नसत. तेवढं बायकोकडे. ती फॉर्म जवळ ओढून, मान वाकडी करून लिहीत बसायची. दोन ओळी संपायच्या, मग ती चौकटीबाहेर समासात शिरायची आणि कागदाच्या कडेने वर चढायची.

"चौकटीत मावेल एवढं लिहावं माणसानं," असं म्हणून तपासनीस फॉर्म तिच्या हातातून घ्यायचे आणि टेबलावरच्या मुलीकडे सरकवायचे. चौकटीबाहेर गेलंय हे त्यांनी सहाही वेळा पाहिलं.

सातवं कार्ड आलं त्यात चाकांच्या बॅगेचं चित्र होतं. कंपनीचं नाव नवं होतं. हॉल मात्र नवा नव्हता. फुगे तेच, गालिच्यावरचा चहाचा डाग तोच, आणि कुणाला विचार करता येऊ नये एवढ्या मोठ्यानं लावलेली गाणी तीच. कुणी मेंबर झालं की पुढे टांगलेली पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, हाही प्रकार तोच. नेहमीप्रमाणे फॉर्म भरून देऊन तपासनीस बसत नाहीत तोच घंटा वाजली. शेजारच्या टेबलावर एक औषधदुकानदार आणि त्याची बायको उभी राहून लाजत होती.

"आयुष्यभर दुसऱ्याला गोळ्या दिल्या, आज स्वतः गिळली," तपासनीस बायकोच्या कानात म्हणाले. बायको टाळ्या वाजवत होती. तिला त्या दोघांचे चेहरे आवडले होते.

त्यांच्या वाट्याला आलेल्या पोराचा टाय एवढा आवळलेला होता की बोलताना त्याचा गळा वर-खाली होताना दिसायचा. त्याने ओळखपत्राचा नंबर कॉम्प्युटरवर मारला आणि त्याचे डोळे चमकले.

"साहेब! आपण तर आमचे जुने! ही सातवी भेट!"

तपासनीस क्षणभर वरमले. म्हणजे सातही कंपन्या एकच होत्या, नुसत्या पाट्या बदलत होत्या. पण टायवाला चिडला नव्हता, उलट खूश झाला होता. "सात वेळा माणूस उगीच येत नाही साहेब. मनात आहेच तुमच्या. आणि मॅडमचं तर पक्कं आहे. सातही फॉर्मवर मॅडमनी एकच लिहिलंय, शब्द न् शब्द तोच. हे बघा ना…" त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ते राहू द्या," तपासनीस म्हणाले. "करारनामा काढा. कलम अकरा."

आणि मग त्यांनी त्या पोराला सोलून काढलं. कलम अकराप्रमाणे दरवर्षी देखभालीचा आकार भरायचा, आणि तो किती वाढवायचा हे कंपनीच्या मर्जीवर. कलम चौदाप्रमाणे सुटीच्या दिवसांत खोल्या मिळायच्या नाहीत, म्हणजे सुटीची मेंबरशिप घ्यायची आणि सुटी सोडून जायचं. "आणि पंचवीस वर्षांनी मी सत्याऐंशीचा असेन," ते म्हणाले. "समुद्रकाठी मला कोण नेणार, तुम्ही? पाठुंगळी?"

टायवाल्याचा गळा वर-खाली झाला. तपासनिसांचं एकही बोट चुकीच्या ठिकाणी पडलं नव्हतं. माल खराबच होता. त्यांनी समाधानाने चष्मा काढला आणि पुसला.

बायको गप्प बसली नाही.

"मला एक सांगा," ती टायवाल्याला म्हणाली. "मेंबर न होता तिथे जाता येतं का?"

असं त्याला आजवर कुणी विचारलं नसावं. त्याने मागे वळून घंटेकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "येतं की मावशी. कुणालाही येतं. फोन करून खोली सांगायची, झालं. ह्याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात."

"एका माणसालाही?"

"एका माणसालाही."

तिने त्याच्याकडून तिथला नंबर लिहून घेतला आणि कागद पर्समध्ये ठेवला. बसमध्ये भेटीची बॅग मांडीवर घेऊन तपासनीस अक्षरशः खदखदून हसले. "त्याच्याच तोंडून वदवून घेतलंस! मला सुचलं नसतं. मेलाच तो. वा!" सगळ्या वाटभर ते तेच सांगत होते. बायको खिडकीबाहेर बघत होती.

घरी येताच त्यांनी बॅग टेबलावर घेतली, चेन दहा वेळा उघडली, दहा वेळा लावली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे अडकते. गेली." मग बॅग बाकीच्या लुटीबरोबर कपाटावर चढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दूध घेऊन आले तेव्हा बॅग पलंगावर उघडी पडली होती. बायको त्यात कपडे भरत होती.

"हे काय?"

"बॅग भरतेय."

"ती वापरायची नाही. चेन बघितलीय मी. दोन प्रवास टिकायची नाही."

"एक टिकेल?"

चेनच्या बाबतीत तपासनीस खोटं बोलू शकत नसत. त्यांनी कोपरा पुन्हा पाहिला. "एक टिकेल," ते म्हणाले.

"मग झालं."

"अगं, पण आता कसलं नाटक? इथे कोण बघतंय?"

बायकोने हातातला टॉवेल नीट घडी घालून ठेवला. तपासनिसांच्या नजरेला घडी तिरकी दिसली, पण ते बोलले नाहीत.

"अहो, मी सातही वेळा भुलले ती खरोखर भुलले," ती म्हणाली. "डोळे मोठे करायला मला तुम्ही शिकवायला नको होतं. तुम्ही चष्मा पुसलात की गप्प बसायचे, तेवढं नाटक."

"त्या चोरांवर? मी दाखवलं नाही का तुला, कलम अकरा…"

"चोर आहेत ते. मला कळतं. मलाही डोळे आहेत." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच तपासनिसांना दुधाची पिशवी कुठे ठेवावी कळेना. "पण त्या चोरांनी मला सात वेळा विचारलं, बाई, कुठे जायला आवडेल. तुम्ही छत्तीस वर्षांत एकदा विचारलं नाहीत. दरवेळी हॉलवर जायचं म्हणून मी चांगले कपडे घालायचे, ते काय तुमच्या किटलीसाठी?"

उत्तर नसलं की तपासनीस प्रश्न काढायचे. "पण चाललीस कुठे?"

तिने चेन ओढली. कोपऱ्यावर ती अडकली, त्यांनी सांगितलं होतं तिथेच. तिने आत बोट घालून अलगद सोडवली आणि पुढे नेली.

"सात वेळा लिहून दिलंय," ती म्हणाली. "तुमच्याच हातातून गेलंय. वाचलं असतंत तर दोन तिकिटं काढली असती."

चार दिवसांनी येते, एवढं सांगून ती निघाली. चाकं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत खाली गेली. चाकंही हलकी आहेत, हे तपासनिसांच्या लक्षात आलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

पहिला दिवस त्यांनी तिला नावं ठेवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी नावं संपली. फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला, पण विचारायचं काय? कुठे आहेस? तेच तर ती सांगून गेली होती, सात वेळा, समासातून वर चढत जाऊन. त्यांनी ते अक्षर आठवायचा फार प्रयत्न केला. कागदाची कड आठवली, चौकट आठवली, रेघ कुठे ओलांडली तेही आठवलं. एक शब्द आठवेना. आपल्याला वाईट वाटतंय, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

टेबलावर बॅगेला लटकवलेलं कार्ड पडलं होतं. ते जाताना बायकोने काढून ठेवलं होतं. त्यावर टायवाल्याचा नंबर होता. तपासनिसांनी स्वतःच्या फोनवरून, खऱ्या नंबरवरून, तो फिरवला आणि नाव सांगितलं.

"साहेब!" टायवाला ओरडला. मागे गाणी वाजत होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं, तुमच्या मनात आहेच!"

"मला मेंबरशिप नको. एक माहिती हवी. माझ्या बायकोनं फॉर्मवर काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

"फोनवर नाही हो देता येत साहेब. नियम आहे. रविवारी या ना, साडेअकराला. ह्या वेळी भेट म्हणून छत्री आहे."

"छत्री नको मला," तपासनीस म्हणाले. मग त्यांनी कार्डाच्या पाठीवर वार आणि वेळ लिहून घेतली. "येतो. रविवारी येतो. दीड तास बसतो, काय ऐकायचं ते ऐकतो. तेवढं वाचून दाखवाल ना?"

"का नाही! फक्त एक लक्षात ठेवा साहेब, एकटे आलात तर आत सोडणार नाहीत. मॅडमना बरोबर घेऊन या."