एम्ब्रिकची हाळी

“अरे, आपल्या पलटणीत पोरगी कुठून आली?”

ओड्वार हातातली बादली टाकून धावला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे बाकीचे. आणि बघतो तर काय, गोठ्यामागे आमचा एम्ब्रिक! एक हात गालाशी, मान वर, आणि गळ्यातून असा बारीक, उंच सूर काढतोय की कानात सुई जावी. ज्या शेतावर आम्ही उतरलो होतो तिथली गाय जर्मन विमानाला बिथरून पळाली होती ना, ती! गुडघाभर बर्फातून मुकाट त्याच्याकडे चालत येत होती.

आता आमच्या दरीत हे म्हणजे किती हसण्यासारखं, तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर न्यायची आणि संध्याकाळी हाळी घालून बोलवायची, ते काम बायकांचं. पुरुषाने फार तर शीळ घालावी. ओड्वार तर बर्फात लोळायचाच बाकी होता.

“काय गं एम्ब्रिके, वेणी कुठाय तुझी?”

एम्ब्रिक विशीचा, लाल कानांचा, तसा लाजाळूच. पण त्या दिवशी काही लाजला नाही. “मला बहीण नाही. आईचा गुडघा धरला, मग तिने मलाच शिकवलं. गाय काय विचारते का, चड्डी आहे की झगा?”

“मग आम्हालाही बोलव की!”

“बोलवतो. पण हाळी नाव घेऊन घालायची. नुसतं ‘या गं या’ म्हटलं तर एकही येत नाही.” आणि लागला की नावं द्यायला! आपल्याकडे गायींच्या नावाला शेवटी ‘रोस’ लावतात, तसा ओड्वार झाला ओड्वाररोस, मी तोल्लाकरोस, आणि सार्जंट ब्रेक्के, एवढ्या मिशांचा माणूस, तो ब्रेक्केरोस! सार्जंट दारातच उभा होता. आम्ही गारठलो. तो म्हणाला, “दूध मात्र मागू नका,” आणि आत गेला.

त्याच संध्याकाळी एक बर्गनचा पोरगा आमच्यात येऊन मिळाला. त्याची तुकडी पांगली होती. शहरी अगदी, स्कीवर बदकासारखा चालायचा. आम्ही त्याला कडक भाकरी दिली, चीज दिलं, आणि तो बसल्या बसल्या झोपला. नाव विचारायला सवडच कुणाला होती?

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या वळणावर लाकडाचे ओंडके आडवे टाकून आम्ही जर्मनांना अडवलं. सकाळभर अडवलं, खरंच सांगतो! आमच्या बंदुका जुन्या, त्यांच्याकडे रणगाडे. तरी एम्ब्रिक असा शांत गोळी भरत होता जसा काही गवत रचतोय. मग हुकूम आला, मागे हटा, डोंगर चढून पलीकडे उतरा. आणि आम्ही चढायला लागलो तोच धुकं उतरलं. धुकं कसलं, दूधच ते. स्वतःच्या स्कीची टोकं दिसेनात. आम्ही सगळे पांगलो.

तो डोंगर एम्ब्रिकच्या घरचा. वर एकच खिंड, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरळ तुटलेला कडा. सार्जंट ओरडत होता, पण धुक्यात पुरुषाचा आवाज सगळीकडूनच येतो, कुठे जावं कळत नाही. मी थेट कड्याकडे चाललो होतो, हे मला नंतर कळलं. आणि तेवढ्यात वरून तो सूर आला. “तोल्लाक-रोऽऽस!”

अरे, हसू की रडू! पण पाय आपोआप वळले. सुईने दोरा ओढावा तसा मी त्या सुरामागे गेलो, तर खिंडीत हा उभा, हात गालाशी. मग ओड्वाररोस आला. एकेक जण आला. सार्जंटसुद्धा नाव ऐकून आला. पण सूर जर्मनांनाही ऐकू जात होता ना. खालून मशिनगन सुरू झाली, आधी लांब, मग जवळ.

सार्जंट म्हणाला, “सगळे आले. चल.”

“सगळे नाही, सार्जंट. तो बर्गनवाला राहिला.”

“त्याचं नाव तरी माहितीय का तुला?”

“विकत आणलेल्या गायीला तरी कुठे आपलं नाव माहीत असतं? ती आवाजाच्या वाटेने येते. आवाज थांबला की भलतीकडे वळते. आणि इथे कडा आहे.”

“एम्ब्रिक, हुकूम आहे हा.”

“हो सार्जंट. तेवढी एक आत येऊ द्या.”

आणि तो आमच्यापासून दूर, उघड्या खडकावर जाऊन उभा राहिला. गोळ्या यायच्या त्या आमच्यावर येऊ नयेत म्हणून, दुसरं काय? तिथून त्याने नाव नसलेली हाळी सुरू केली, नुसता लांब, लांब सूर. बर्फ उडत होता, खडकाचे कपचे उडत होते. एकदा सूर तुटला. मग पुन्हा लागला. थोडा खाली, पण लागला, आणि हलला नाही.

बर्गनवाला धुक्यातून आला, चार पायांवर, एक स्की गमावलेला. ओड्वारनेच त्याला कॉलर धरून आत ओढलं. आम्ही खडकाकडे धावलो. एम्ब्रिक टेकून बसला होता, बंदूक मांडीवर.

“आली?”

“आली,” सार्जंट म्हणाला.

तो हसला. बस, तेवढंच, आणि गेला.

आम्ही त्याला तिथे सोडणार होतो होय? त्याच्या स्की आणि माझ्या स्की एकत्र बांधून घसरगाडी केली आणि तिच्यावरून पलीकडच्या दरीत त्याच्या घरी नेलं. ओड्वारने ओढायची दोरी दुसऱ्या कुणाला म्हणून धरू दिली नाही. त्याची आई, गुरी, काठी घेऊन अंगणात आली. सार्जंटने टोपी काढली आणि सगळं सांगितलं, कसा उभा राहिला, कसा नाही हलला. ती रडली नाही. तिने बर्गनवाल्याकडे पाहिलं.

“तूच का तो शेवटचा? नाव काय रे बाळा तुझं?”

“लाउरित्स.”

“कुठे होतास तू?”

“घळीच्या पलीकडे, मावशी. फार लांब.”

“तिथे काय ऐकू येत होतं? शब्द?”

“शब्द नाहीत. पण आवाज कुठून येतोय, ते अगदी नेमकं कळत होतं.”

गुरीने हळूच मान हलवली. “मग सूर नीट लावला होता त्याने.”

ती वाकली, दुखऱ्या गुडघ्यावरच बसली, डोक्याचा लोकरी रुमाल सोडला आणि एम्ब्रिकच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट गुंडाळला.