गोड जिभेचा कैदी

संध्याकाळी तुरुंगाच्या गाडीत चढताना देशेंग कधी मागे वळून बघायचा नाही आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. युझानच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथेच.

लुकांग शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या या गावात नुसता शेजारच्या गल्लीत जाणारा माणूससुद्धा 'येतो हं' म्हणून जातो. आणि हा? दिवसभर तिच्या अंगणात शेवया ओढायचा, तिच्या हातचा भात पोटभर जेवायचा, आणि जाताना असा जायचा की जणू या घराशी त्याचं कधी काही नव्हतंच.

"येतो म्हणत नाही, कारण यायचंच नाही त्याला," आ-मान म्हणाली. आ-मान म्हणजे युझानची थोरली जाऊ. शेवया ओढण्यात आणि संशय घेण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. "बघ तू. एक दिवस शेवया वाळत राहतील आणि वाळवणारा गायब."

त्यात देशेंग साधा चोर असता तरी चाललं असतं. चोराला कुलूप असतं. हा फोनवरचा ठग होता. म्हाताऱ्या बायकांना फोन लावायचा, 'मावशी, ओळखलं नाहीस? अगं मीच!' म्हणायचा, आणि बाई ज्या भाच्याचं नाव घेईल तो भाचा व्हायचा. मग रडायचा, अपघात झाला म्हणायचा. असल्या फोनांनी पोळलेलं एखादं तरी घर इथल्या प्रत्येक गल्लीत होतं. म्हणून तो बोलला की युझानला वाटे, फसवतोय. गप्प बसला की वाटे, बेत रचतोय.

तरी तिने त्याला ठेवला होता. मुलगा तैपेईला गेल्यापासून हात कमी पडत होते, आणि तिकडे तुरुंग तुडुंब भरला होता. सात-आठ जणांच्या खोलीत पंधरा जण, एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. म्हणून सरकारने ही नवी टूम काढली होती: शिक्षा संपत आलेल्यांनी दिवसा बाहेर काम करायचं, रात्री आत परतायचं. काम देणारा 'पुढेही ठेवून घेतो' म्हणाला, की मुदतीआधी सुटका. नाही म्हणाला, तर देशेंगची आणखी दोन वर्षं त्याच खोलीत, कुशीवर.

आणि युझानने गेल्या आठवड्यात तुरुंगाच्या ल्यू साहेबांना कळवून टाकलं होतं, "माणूस पळायच्या बेतात आहे." साहेब आज दुपारी चौकशीला येणार होते.

वारा उत्तरेचा होता, कोरडा, शेवयांना मानवणारा. युझान आणि आ-मान समोरासमोर उभ्या राहून काठीवरचं पीठ ओढत होत्या. पीठ हळूहळू सूत होत होतं, पांढरं, उन्हात चमकणारं. आ-मान नेहमीसारखी गुणगुणत होती:

वारा आला दर्यावरून, मीठ घाला बेताने,
सूत तुटू नये बाई, ओढा हलक्या हाताने.

आत फोन वाजला.

दोघींचे हात अडकलेले. अर्ध्या ओढीत काठी सोडली तर सगळं सूत मातीत. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला. मग आतून आवाज आला. असा आवाज युझानने त्या घरात कधी ऐकला नव्हता. मऊ, मधात बुडवलेला.

"अरे वा, आजी! आजोबांना ऐंशी पूर्ण? आणि तीनच जुड्या? माझ्या आजोबांना आम्ही मेलं तरी अर्धपोटी नसतं उठू दिलं. शेवई जितकी लांब तितकं आयुष्य लांब, आजी... हो हो, सगळी नातवंडं येणार ना? मग झालं तर!"

"ऐकतेस ना?" आ-मान काठीपलीकडून कुजबुजली. "मध गळतोय नुसता."

युझानला पळत आत जायचं होतं, पण हातातलं सूत अजून ताणायचं होतं. तिने ते चौकटीत अडकवलं आणि मगच धावली.

देशेंग फोनसमोर उभा होता. फोन ठेवलेला. चेहरा उकडलेल्या पिठासारखा.

"क्वेई आजींचा फोन होता," तो म्हणाला. "तीन मागत होत्या. मी सहा घ्यायला लावल्या."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही, मालकीणबाई. तोंड आपोआप चाललं. आणि मला आजोबाच नव्हते." तो आपल्या हातांकडे बघत होता. "मला वाटलं होतं, ते तोंड गेलं. आत वापरलंच नव्हतं."

"फोन उचलायची परवानगी आहे का?"

"नाही. साहेबांना कळलं तर उद्यापासून इथे येणं बंद."

युझानने क्वेई आजीला फोन लावला. "आजी, मी युझान. शेवया किती देऊ तुम्हाला?"

पलीकडून आलं, "तू युझान कशावरून?"

"अहो, आवाज ओळखला नाहीत?"

"हां! सगळे असंच म्हणतात. तुझ्या नवऱ्याला गावात काय म्हणायचे, सांग."

"काळा भोपळा."

"ते तर कुत्र्यालाही ठाऊक आहे!" आजीने फोन आपटला.

दारात आ-मान तोंडावर पदर धरावा तसा पंजा धरून हसत होती. तेवढ्यात ल्यू साहेबांची गाडी लागली.

साहेब घामाघूम होते आणि घाईत. युझानची तक्रार त्यांनी पुन्हा ऐकली आणि हसले. "बाई, आत कुणीच 'येतो' म्हणत नाही. 'भेटू' म्हणत नाही. म्हटलं की पुन्हा तुरुंगातच भेट होते, असं मानतात. सुटणारा मागे वळून बघत नाही. आमचे पहारेकरीसुद्धा पाळतात."

"मग माझ्या घरी कशाला तो नियम? माझं घर तुरुंग आहे का?"

देशेंग खाली बघत म्हणाला, "इथे उलटी भीती होती. येतो म्हणावं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच सुटली नाही तर? पुन्हा खोटाच ठरलो असतो."

साहेबांनी टाळी वाजवली. "मिटलं! मग पुढे ठेवताय ना याला? मी तसं कळवतो."

"साहेब," देशेंग म्हणाला, "मी आज फोन उचलला."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "मी काही ऐकलं नाही."

"क्वेई आजींना..."

"अरे बाबा, ऐकलं नाही म्हणतोय ना!"

"ऐका!" युझान कडाडली. "कान आहेत ना? जागा नाही म्हणून बहिरे होऊ नका. खरं सांगा, हा सुधारला म्हणून सोडताय, की आत पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून?"

"काल नवीन अकरा आले," साहेब म्हणाले. "त्यांना कुठे झोपवलं ते विचारू नका. मला विचाराल तर दोन्ही."

"मी सुधारलो का, ते मलाही कळत नाही," देशेंग म्हणाला. "विचारायचं कुणाला, तेही."

युझानने सहा जुड्या टोपलीत घातल्या आणि टोपली त्याच्या हातात दिली. "चल. तुम्हीही चला, साहेब. एकट्याला मी सोडणार नाही."

क्वेई आजीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार साखळी लावूनच उघडलं. फटीत एक डोळा दिसला, आधी युझानवर, मग साहेबांच्या गणवेशावर, मग देशेंगवर थांबलेला.

"आजी," देशेंग म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, अडखळत होता. "मघाशी फोनवर मीच बोललो. तुम्हाला किती हव्या होत्या?"

"तूच का तो? मग आता का असा बोलतोस, घशात माशाचा काटा अडकल्यासारखा?"

"आता तुम्ही समोर आहात."

डोळा हलला नाही. मग फटीतून सुरकुतलेला हात आला. "तीन."

त्याने एकेक जुडी दिली. आजीने प्रत्येक दाबून पाहिली, वास घेतला, आणि दार लावलं. आत एक कडी सरकली, मग दुसरी.

"काय कळवू, बाई?" साहेबांनी हळूच विचारलं.

युझान त्या बंद दाराकडे बघत होती. "ठेवते म्हणून कळवा. विश्वास आहे असं मात्र कळवू नका. फोन मी आजच माडीवर नेते, आणि माडीवर याने पाऊल टाकायचं नाही."

"चालेल," देशेंग म्हणाला. साहेबांनी तोंड उघडायच्या आत.

"तुला कुणी विचारलं? चल पुढे."

तो टोपली घेऊन पुढे निघाला. युझान मुद्दाम दोन पावलं मागे राहिली. त्याच्या पाठीवर नजर ठेवून चालू लागली.