धुतलेला स्वेटर

"बाबा, टोपलीचं झाकण उघडू नका, किती वेळा सांगू?" गाडी चालवता चालवता मुलगी ओरडली.

"अगं, जीव तोडून ओरडतेय ती."

"ओरडू दे. सुटून माझ्या पायात आली, तर इस्पितळात आईच्या शेजारची खाट आपल्यालाच."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. टोपलीत फौजदारीण होती. मांजराला हे नाव बायकोने ठेवलेलं. घरात या मांजरापुढे कुणाचं काही चालत नसे, लाँड्रीवाल्या म्हाताऱ्याचं तर मुळीच नाही. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, "ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलवा." बायकोने मांजराला बोलावलं. सिस्टरही भली. "मागच्या दाराने आणा, दोन मिनिटं," म्हणाली.

कसं आणायचं तेही बायकोने, तिच्याजवळ थांबलेल्या जावयाच्या फोनवरून, धापा टाकत सांगितलं. "अहो, उपाशीच आणा. टोपलीला पट्टा लावा, वरून टॉवेल टाका. आणि आत माझा निळा स्वेटर घाला. माझा वास आला की ती गप्प बसते."

पट्टा होता, टॉवेल होता. स्वेटरही होता, पण धुतलेला. तिला इस्पितळात नेलं त्याच रात्री त्याने घरातलं तिचं सगळं धुऊन काढलं होतं. स्वेटर, गाऊन, चादरी, अभ्रे. दुसऱ्या कुणी देवाला हात जोडले असते, याला ते साबणाच्या पाण्यात घालणं तेवढं ठाऊक. ती परत येईल तेव्हा सगळं लख्ख असावं, एवढाच हिशेब. जन्मभर लोकांच्या कपड्यांचे वास घालवले, आणि शेवटी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

फौजदारिणीने स्वेटर हुंगला, शिंकली, आणि जी कपाटामागे घुसली ती निघेचना. तिला बाहेर काढता काढता सकाळ गेली. त्याचे दोन्ही हात रक्ताळले.

आता गाडीत तिने टोपलीतल्या स्वेटरवर घाण केली. "थांबू या का?" मुलीने विचारलं.

"नको, नको! चल तू. पण सावकाश, वळणावर हिसका नको देऊ. नाही, जोरात चल," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

ते पोचले तेव्हा खाट रिकामी होती. सिस्टर चादरी गोळा करत होती. "आजोबा, गेल्या हो, आत्ताच खाली नेलं. दाराकडेच बघत होत्या," ती म्हणाली.

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. म्हातारा मात्र सिस्टरच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत राहिला. त्यात घरून आणलेल्या उशीचा अभ्रा होता.

"तो धुवायला टाकू नका," तो म्हणाला.

त्याने अभ्रा नाकाशी नेला. औषधांचा वास होता, केसांच्या तेलाचा होता, आणि त्याखाली ती होती. टोपलीतला घाण झालेला स्वेटर काढून त्याने अभ्रा आत घातला. फौजदारिणीने तो हुंगला, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि त्यावर अंग टाकलं.

इस्पितळातलं पुढचं सगळं जावयाने अंगावर घेतलं. मांजराला घरी ठेवून दोघांना परत यायचं होतं. वाटेत टोपलीतून आवाज म्हणून आला नाही. मुलीने डोळे पुसत काच खाली केली.

"काच वर घे," तो म्हणाला.

"गुदमरतंय हो, बाबा."

"वास जाईल गं."

मुलीने काच वर घेतली.